धारावी बेटाचा चौक

धारावी म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे मुंबईतली दाटीवाटीची वस्ती उभी राहील. पण ही धारावी निराळी. भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेला उतरून उत्तनची बस धरावी. मिठागरे आणि खारफुटी मागे पडली की टेकड्या लागतात. तेच धारावी बेट. तारोडीला धारावी देवीचे देऊळ आहे, डोंगरी नि उत्तनला जुनी ख्रिस्ती देवळे आहेत, आणि उत्तरेच्या टोकाला, जेथे वसईची खाडी समुद्राला मिळते, तेथे चौक आहे. २००२ साली महानगरपालिका झालेल्या मीरा-भाईंदर शहराचाच हा भाग आहे, असे सांगूनही खरे वाटू नये!

चौकच्या कड्यावर उभे राहून समोर पाहावे. खाडीच्या पलीकडे वसईचा किल्ला. १५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि दोनशेहून अधिक वर्षे ती त्यांच्याकडे राहिली. वसईला तीन बाजूंनी पाणी. जमिनीवरून कितीही वेढा आवळला तरी समुद्राची वाट उघडी. त्या वाटेवर नजर ठेवायची तर ती या टोकावरूनच. म्हणूनच १७३७ साली साष्टीची मोहीम सुरू झाल्यापासून धारावीसाठी झुंज चालली. मराठ्यांनी ती घेतली, पोर्तुगीजांनी परत मिळवली. अखेर मार्च १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने धारावी पुन्हा जिंकली आणि त्याच मे महिन्यात वसई शरण आली. आज चौकला तटाचे थोडेफार अवशेष उरले आहेत.

लढाई संपली, प्रवाह मात्र तसाच वाहतो आहे. दिवसातून दोनदा भरती खाडीत शिरते, दोनदा ओहोटी बाहेर पडते. या प्रवाहावरच उत्तन, पाली, चौकच्या कोळ्यांचा संसार चालतो. त्यांचे डोल जाळे पाहण्यासारखे असते. लांबलचक नरसाळ्यासारखी ती पिशवी. तोंडाशी डोळे मोठे, शेपटाकडे बारीक होत गेलेले. समुद्राच्या तळाशी खुंट ठोकून ती प्रवाहाच्या तोंडी बांधायची. ती कोणी ओढीत नाही; मासा आणून देण्याचे काम पाणीच करते. पाणी थबकले की जाळे उचलायचे. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात हात रिकामा नसतो, आणि अष्टमीच्या भांगाला पाणी मंदावते तशी कमाईही.

जाळ्यात येतात जवळा, करंदी, मांदेली, ढोमा. पण राजा म्हणजे बोंबील! अंगात बहुतेक पाणीच, हाडे मऊ, दिसायला गरीब. तोंड उघडून पाहावे तर आत सुईसारखे दात. हा जवळा खातो, लहान मासे खातो, प्रसंगी स्वतःच्या भावंडांनाही सोडीत नाही! गुजरात आणि उत्तर कोकणच्या समुद्रात तो विपुल. रत्नागिरीच्या दक्षिणेस जवळजवळ दिसेनासा होतो आणि पुन्हा भेटतो तो बंगालच्या बाजूला. वलांडीवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील ऊन-वाऱ्यात सुकतात, तेव्हा गावाला एक दरवळ येतो. शहरी माणूस नाक मुरडतो. कोळीण त्यात पावसाळ्याची बेगमी पाहते.

ओहोटीला खडक उघडे पडले की कालवे काढणाऱ्या बाया दिसतात. खाडीच्या चिखलात निवट्या उड्या मारतात. हिवाळ्यात उत्तरेकडचे कुरव होड्यांमागे घिरट्या घालतात.

पण आता जाळ्यात बोंबलांबरोबर प्लास्टिकच्या पिशव्याही येतात. प्रवाह मासा आणतो तसा शहराचा कचराही आणतो. त्याला निवड कुठली? उत्तनहून विरारपर्यंत सागरी सेतूची योजनाही पुढे आली आहे आणि मच्छीमारांनी तिला विरोध केला आहे. गाडीवाल्याचा वेळ वाचेल हे खरे. पण खांब उभे राहिले म्हणजे पाण्याची वाट किती बदलेल, हा कोळ्याचा प्रश्न खुळा नाही. जाळे तो हलवील. प्रवाह कोठून आणील?

चिमाजी आप्पांनी हे टोक घेतले ते पलीकडच्या पाण्यावर हुकमत हवी म्हणून. कोळ्याला हुकमत नको आहे. पाणी आपल्या वाटेने येत-जात राहावे, एवढेच त्याचे मागणे आहे. पूल बांधणाऱ्यांनी एकदा उधाणाच्या दिवशी त्याच्या होडीत बसून पाहावे आणि मग नकाशा उलगडावा.