सपाट देशातले वाटाडे

हॉलंडमध्ये डोंगर नाहीत. इथल्या मुख्य भूमीवरचा सर्वात उंच बिंदू फाल्सरबर्ग, उंची ३२२ मीटर! आपलं कळसूबाई १६४६ मीटर. (तरी ही मंडळी त्याला 'बर्ग', म्हणजे पर्वत म्हणतात. असो.) पण गिर्यारोहणाच्या तोडीचा एक प्रकार इथेही आहे आणि त्याला परवानाधारक वाटाडेही आहेत. नाव 'वाडलोपन'. गमतीने त्याला 'आडवं गिर्यारोहण' म्हणतात.

देशाच्या उत्तरेला किनारा आणि बेटांची रांग यांच्यामध्ये वाडन समुद्र आहे. २००९ पासून तो जागतिक वारसा आहे. ओहोटीला त्याचा तळ उघडा पडतो आणि स्खिरमोनिकोखसारख्या बेटावर चक्क चालत जाता येतं. मात्र ओहोटीनंतर सहा तासांत पुन्हा भरती! वाटेत वाळूतून वाहणारे खोल ओढे लागतात. सर्वात खोल ओढा ऐन ओहोटीच्या सुमारास ओलांडता यावा, असा निघायचा हिशोब असतो. वायव्येचा वारा सुटला की पाणी ओसरतच नाही. वीज कडाडली तर मैलोन्मैल सपाट वाळूत सर्वात उंच वस्तू म्हणजे तुम्ही.

हे ओढे पूर्वीही जागा बदलायचेच. त्यात माणसाने भर घातली. १९३२ साली आफस्लाउटडाइक आणि १९६९ साली लाउअर्सझेचा बांध झाला, आणि भरतीच्या पाण्याचे मार्गच बदलले. आता समुद्राची पातळी वाढते आहे. गाळ त्या वेगाने साचला नाही, तर वाळू उघडी राहण्याचा वेळ कमी होणार. शिवाय शेतीसाठी आणलेले पॅसिफिक कालव इथे पसरलेत, त्यांच्या कडा सुरीसारख्या. म्हणून घोट्यापर्यंत बूट हवेतच.

दोन उन्हाळ्यांपूर्वी आई-बाबा आले होते, तेव्हा बाबांना घेऊन गेलो. वाटाड्या काठी घेऊन आधी एकटाच ओढ्यात उतरला. पाणी कमरेच्या वर गेलं. परत येऊन शांतपणे म्हणाला, "आज नाही." गटातल्या एकाने मोबाइल पुढे केला, त्यात गेल्या वर्षीच्या कुणाच्या तरी वाटेची नोंद होती. अहो, पण जीपीएस तुम्ही कुठे आहात ते सांगतो, पाणी किती आहे ते नाही! बाबा एवढंच म्हणाले, "चला, मागे फिरा. त्याला कळतं."

माहीत असलेली वाट दरवर्षी जुनी होत असेल, तर वाटाड्याचं मुख्य काम 'नाही' म्हणणं हेच होतं. पण लोक पैसे देतात ते पोहोचण्याचे. एव्हरेस्टखालच्या खुंबू हिमप्रपातात १८ एप्रिल २०१४ रोजी हिमकडा कोसळून १६ नेपाळी कामगार गेले. गिऱ्हाइकांसाठी वाट बांधणारे आणि सामान वाहणारे ते. त्यांच्यातल्या किती जणांना त्या सकाळी 'आज नाही' म्हणणं परवडलं असतं?

तेव्हा पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी गावातला पोऱ्या म्हणाला, "दादा, आज वर नको," तर हुज्जत घालू नका. आणि हो, ठरलेले पैसे त्याला पूर्ण द्या.