बर्फगाडीचे कंबरडे

आमच्या घरात एक अलिखित नियम आहे. कुणाला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या असल्या की ते काम माझ्याकडे येते. मी कॉलेजात मराठी शिकवतो. म्हणजे मला बोलता येते. आणि बोलता येते म्हणजे समोरच्याला पटवताही येते, असा आमच्या ताईचा तर्क आहे. इतकी वर्षे वर्गात बोलूनही मला कुणाला फारसे काही पटवता आलेले नाही, ही गोष्ट मी तिच्यापासून लपवून ठेवली आहे.

गेल्या फेब्रुवारीत मराठी भाषा दिनाच्या निमित्ताने कॅनडातल्या कॅलगरीच्या मराठी मंडळींनी मला व्याख्यानाला बोलावले. कॅलगरीत माझा भाचा इंजिनिअर आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी ताई चकल्यांचा डबा घेऊन आली आणि डब्याबरोबर एक कामगिरीही सोपवून गेली.

"अरे, तो तिकडं बर्फावरची मोटारसायकल चालवतो. डोंगर चढतो म्हणे तिच्यावर! मागं पाठ धरली तर पंधरा दिवस अंथरुणात होता. सूनबाईनं सांगितलं, त्यानं नाही. तू त्याला समजाव आणि ती गाडी विकायला लाव. मामाचं ऐकेल तो."

व्याख्यान बरे झाले. दुसऱ्या दिवशी भाचेबुवांनी आपण होऊनच विषय काढला. "मामा, शनिवारी रेव्हलस्टोकला येतोस? गाडीचं मागचं सस्पेन्शन बदलायचंय. कोणतं घ्यावं ते ठरत नाहीये." मी मनात म्हटले, सावज आपल्या पायांनी चालत आले.

कॅलगरीहून रेव्हलस्टोक सुमारे चारशे किलोमीटर. रस्ता रॉकी पर्वत ओलांडून ब्रिटिश कोलंबियात शिरतो आणि सेल्कर्क पर्वतातल्या रॉजर्स खिंडीतून पलीकडे उतरतो. या खिंडीत ४ मार्च १९१० च्या रात्री रुळांवरचे बर्फ उपसणाऱ्या ५८ कामगारांवर हिमकडा कोसळला आणि सगळे गाडले गेले. पुढे १९१६ मध्ये रेल्वेने डोंगराखालून बोगदा काढला. १९६२ मध्ये खिंडीतून मोटारीचा रस्ता सुरू झाला, तेव्हापासून सैन्याच्या तोफा डोंगरावर डागून साचलेले बर्फ मुद्दाम पाडण्याची पद्धत पडली. आपण तोफा शत्रूवर चालवतो. इथे त्या बर्फावर चालवतात. मी खिडकीतून वर पाहिले आणि ताईच्या बाजूने एक मुद्दा मनात टिपून ठेवला.

रेव्हलस्टोक हे कोलंबिया नदीच्या काठचे छोटे गाव. एका बाजूला सेल्कर्क, दुसऱ्या बाजूला मोनाशी पर्वत. पॅसिफिक महासागरावरून येणारे ढग या डोंगरांना अडतात आणि आपली सारी पुंजी इथेच रिती करतात. सह्याद्रीला अडून महाबळेश्वरावर कोसळणाऱ्या आषाढासारखेच, फक्त इथला आषाढ गोठलेला. गावाजवळच्या माउंट कोपलंडवर १९७१-७२ च्या हिवाळ्यात २४ मीटरांहून अधिक बर्फ पडले. आठ मजली चाळ उभी केली तर गच्चीपर्यंत बुडेल, एवढे!

शनिवारी सकाळी आम्ही बोल्डर डोंगराच्या पायथ्याशी पोचलो. भाच्याची गाडी तेव्हा मी प्रथम नीट पाहिली. पुढे दोन स्की, म्हणजे घसरपट्ट्या; त्या हँडलने वळतात. मागे चाक नाहीच. त्या जागी रबराचा रुंद पट्टा रणगाड्याच्या साखळीसारखा गोल फिरतो. भाच्याचा पट्टा १६५ इंची. म्हणजे उलगडला तर चार मीटरांहून थोडा लांब. त्यावर वल्ह्यांसारखे तीन-तीन इंचांचे रबरी दात. हे दात भुसभुशीत बर्फ मागे लोटतात आणि गाडी पुढे जाते. पट्ट्याच्या आत ॲल्युमिनियमचे दोन रूळ, रुळांना धरणारे पुढचा नि मागचा असे दोन हात, आणि त्या हातांवर स्प्रिंगा व शॉक-अब्सॉर्बर, ज्यांना आपल्याकडे गॅरेजात 'शॉकअप' म्हणतात. हा सगळा सरंजाम म्हणजे मागचे सस्पेन्शन. दोनशे किलोंच्या आसपासची गाडी आणि वरचा स्वार यांचा बहुतेक भार यावरच. थोडक्यात, गाडीचे कंबरडे.

भाड्याची एक गरीब गाडी घेऊन मीही आखलेल्या वाटेने निघालो. शेकडो गाड्या जाऊन वाटेवर खळगे पडलेले. वळवाच्या पावसानंतर तालुक्याच्या रस्त्यावरून एस. टी. च्या शेवटच्या बाकावर बसून गेलेल्या माणसाला त्याचे अधिक वर्णन नको. भाच्याची पाठ का धरली, हे मला माझ्या पाठीने समजावून सांगितले.

वाट संपून मोकळा उतार लागला तेव्हा दुसरी गोष्ट दिसली. मी खालीच थांबलो. भाचेबुवा चढावर गेले, इंजिन ओरडले, गाडीचे नाक घोड्यासारखे वर उठले आणि मागचा पट्टा पुढे नेण्याऐवजी खाली खणत गेला. बघता बघता गाडीने स्वतःसाठी खड्डा काढला आणि त्यात जाऊन बसली. शेजारून दुसरा एक गडी तसल्याच गाडीवर, तसल्याच बर्फात, सरळ वर चढून गेला. फावड्याने गाडी उकरून काढताना भाचा म्हणाला, "म्हणून सस्पेन्शन बदलायचं, मामा." अर्धा तास उकरल्यावर वाद घालण्याइतका दम मला उरला नव्हता.

दुपारी आम्ही मिस्त्रीच्या दुकानात गेलो. साठीचा माणूस, हाताला ग्रीस, बोलणे मोजके. भाच्याने मोबाइलवर तीन-चार सस्पेन्शनांची चित्रे दाखवली आणि विचारले, "यातलं सगळ्यात चांगलं कोणतं?"

मिस्त्रीने चित्रांकडे पाहिलेही नाही. त्याने कोपऱ्यातल्या वजनकाट्याकडे बोट केले. "सगळं अंगावर घाल आणि उभा राहा."

घरच्या कपड्यांत ७४ किलोंचा आमचा भाचा हेल्मेट, बूट, जाड कपडे, पाठीवरची पिशवी, तिच्यात फावडे, पाणी, असे सगळे चढवून उभा राहिला तर ८८ किलो भरला. मग मिस्त्रीने माझ्या हातात मोजपट्टी दिली. गाडीचे मागचे टोक वर उचलून जमिनीपासूनची उंची मोजली. भाच्याला त्या साजासकट वर उभे करून पुन्हा मोजली. दोन्हींतला फरक पाहून तो म्हणाला, "स्प्रिंगा हलक्या माणसाच्या आहेत. तू नुसता उभा राहतोस तेव्हाच ही निम्मी बसते. मग खळग्यांसाठी उरतं काय?"

तिथे मला पहिला धडा मिळाला. माझी समजूत अशी, की पाठीला दणके बसतात म्हणजे स्प्रिंग कडक आहे, मऊ घ्यावी. प्रकार नेमका उलटा होता. स्प्रिंग इतकी मऊ, की ती आधीच दबून तळाला टेकत होती आणि तळाचा दणका थेट मणक्यात जात होता. चढावरही तेच. मागची बाजू खाली बसली की नाक वर उठते, भार पट्ट्याच्या शेपटीवर जातो आणि पट्टा खणू लागतो. नाक आवरायला पुढच्या हाताला एक मजबूत पट्टी असते. तिला लगामच म्हणा. तो ढिला असला की नाक उठते. ओढून धरला तर पुढच्या घसरपट्ट्या जमिनीला चिकटतात, गाडी कह्यात राहते. पण फार ओढला तर खोल बर्फात ती जड होते. म्हणजे हेही बेताचेच काम.

"मग स्प्रिंगा बदलू, लगाम आवळू. नवं कशाला?" मी विचारले. ताईच्या वतीने खर्च वाचवण्याचा तेवढाच प्रयत्न.

मिस्त्री काही बोलला नाही. गाडी कुशीवर कलंडवून त्याने आत बॅटरी धरली. मागच्या हाताच्या जोडावर, जिथे वेल्डिंग होते, तिथे केसाएवढी काळी रेघ होती. तडा. शॉकअपमधूनही तेल गळत होते. "हे आज तुटलं असतं किंवा पुढच्या वर्षी. तुटलं असतं ते मात्र वरच."

भाच्याचा चेहरा उतरला. माझ्या मनात दुसरेच आले. मी गाडी विकायला लावण्यासाठी आलो होतो. ताईचे ऐकून ती विकली असती, तर तो तडा आम्ही दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाला विकला असता. वर घासाघीस करून.

मग निवड सुरू झाली. मिस्त्री एकामागून एक प्रश्न विचारी. दिवसातला किती वेळ वाटेवर जातो नि किती खोल बर्फात? भाचा म्हणाला, वाटेवर जाऊन-येऊन दीड तास, बाकी डोंगरात. मग त्याने दोन प्रकार समजावले. एकात पुढचा नि मागचा हात एका मर्यादेपलीकडे परस्परांना बांधलेले असतात. एकाच जुवाखालच्या बैलांसारखे. एक दबला की दुसऱ्याला त्याच्याबरोबर यावे लागते. त्याने चढावर नाक फार उठत नाही, वाटेवर गाडी डोलत नाही. दुसऱ्यात दोन्ही हात मोकळे. खोल बर्फात गाडी चपळ होते, जिकडे कलवावी तिकडे कलते. पण नाक आवरायला स्वाराचे कसब आणि लगामाचा बेत लागतो. बहुतेक दिवस डोंगरात जाणाऱ्याला मोकळ्या हातांचे बरे, असे ठरले.

पुढचा प्रश्न हवेचा की लोखंडाचा. हवेच्या शॉकअपमध्ये स्प्रिंगच नसते. कोंडलेली हवाच ते काम करते. वजनाला हलके, हातपंपाने हवे तेवढे कडक-मऊ करता येते, आणि दबत जाईल तसे अधिक कडक होत असल्याने मोठ्या दणक्याला तळ गाठत नाही. गुण मोठे, पण हवा थंडीत आकसते. वीस अंश उबेच्या गॅरेजात दाब भरून गाडी उणे वीस अंशांत नेली, तर दाब सातव्या हिश्शाच्या आसपास उतरतो. खळग्यांवर आपटून तोच शॉकअप तापला की दाब पुन्हा चढतो. लोखंडी स्प्रिंग काही किलो जड, आणि स्वाराचे वजन बदलले तर स्प्रिंगच बदलावी लागते. पण ती सकाळी जशी तशीच संध्याकाळी.

"रोज सकाळी पंप काढून दाब बघशील?" मिस्त्रीने विचारले.

"बघेन की," भाचा म्हणाला.

इथे मात्र मला राहवले नाही. शाळेत असताना याची सायकल वर्षातले आठ महिने हवा गेलेल्या चाकांनी जिन्याखाली उभी असे, आणि हा माझी सायकल घेऊन जाई. ही साक्ष मी इंग्रजीत, जमेल तशी, दिली. मिस्त्री पहिल्यांदा हसला. "लोखंडाची," तो म्हणाला आणि कागदावर लिहिले.

बाकीचे प्रश्न भाच्यानेच विचारले. १६५ इंची पट्ट्याला रूळ बसतील ना? या गाडीच्या सांगाड्यावर भोके जुळतील, की नवी पाडावी लागतील? नवी पाडली तर कंपनीची हमी राहील का? सुटे भाग इथे मिळतील की महिनाभर वाट पाहावी लागेल? सगळ्यांत हलके, सगळ्यांत महाग, सगळ्यांत नवे हे शब्द आता त्याच्या बोलण्यात नव्हते. हलक्याऐवजी जड घेतल्याने बरेच डॉलर वाचले होते.

"त्या पैशांचं एक करायचं," मिस्त्री म्हणाला. "हिमकड्यांचा अभ्यासवर्ग कर. नवं सस्पेन्शन तुला वर नेईल. आजवर जिथं पोचत नव्हतास तिथं नेईल. तिथलं बर्फ वेगळं असतं." १३ मार्च २०१० ला याच बोल्डर डोंगरावर बर्फगाड्यांच्या मेळाव्यावर हिमकडा कोसळला होता, दोघे दगावले, अनेक जखमी झाले. त्याने ते एवढ्याच शब्दांत सांगितले. कॅनडाभर हिमकड्यांचे इशारे देणाऱ्या संस्थेचे मुख्यालय याच गावात आहे. त्यांच्याच धड्यांप्रमाणे शिकवणाऱ्या वर्गात भाच्याने तिथेच नाव घातले.

परतताना अंधारात मी त्याला बोंबार्डिये यांची गोष्ट सांगितली. व्याख्यानाच्या तयारीत कॅनडाविषयी वाचताना ती सापडली होती. जोसेफ-आर्मां बोंबार्डिये हे क्विबेकमधल्या व्हालकूर गावचे मिस्त्री. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या दुखण्याने अत्यवस्थ झाला. रस्ते बर्फाखाली, दवाखान्यात न्यायला वाहन नाही. मूल गेले. बर्फावर चालणारी गाडी करण्याचा त्यांचा खटाटोप आधीपासून चालू होता. पुढे १९३७ मध्ये त्यांना फिरत्या पट्ट्याचे पेटंट मिळाले, आणि १९५९ मध्ये त्यांची छोटी 'स्की-डू' बाजारात आली. आज ज्या गाडीवर पोरे डोंगर चढण्याची मजा करतात, तिच्या मुळाशी मूल वाचवू न शकलेला बाप आहे.

भाचा बराच वेळ गाडी चालवत राहिला. मग म्हणाला, "आईनं पाठवलंय ना तुला?"

"चकल्या आणि मी, दोघांनाही," मी कबुली दिली.

"तिला तड्याचं सांगू नकोस."

"तूच सांग," मी म्हटले. "आणि वर्गाचंही सांग." खिंडीतला बर्फाचा रस्ता मागे पडला आणि त्याने खरेच फोन लावला. पाठ, तडा, नवे सस्पेन्शन, अभ्यासवर्ग, सगळे सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटले, आता रडणे किंवा ओरडणे. त्याने घाईघाईने पुस्ती जोडली, "आई, सगळं माझ्या वजनाला मोजून घेतलंय. अठ्ठ्याऐंशी किलोंना बरोबर."

"अठ्ठ्याऐंशी?" ताईचा आवाज गाडीभर घुमला. "अरे, खातोस तरी काय तिकडं? आणि त्या चकल्या मामाला दे परत!"