मुसाफिराचा प्लग

पूर्वी प्रवासाला निघताना घरातली वडीलधारी माणसे विचारायची, पाणी घेतले का, जानमाज घेतले का. आता मुले विचारतात, चार्जर घेतला का. रेल्वेचा डबा असो, एसटी स्टँड असो, धाबा असो की मशिदीची ओसरी, आमची नजर आधी भिंतीवरचा प्लग शोधते. सापडला की बहुतेक जण कुणाला न विचारता वायर खोचून मोकळे होतात. वीज काय, येतच असते!

आधी हिशोब करू. वर्गात मुलांकडूनही आम्ही तो करून घेतो. 5000 एमएएच बॅटरीचा रिकामा फोन पूर्ण भरायला साधारण 25 वॉट-तास लागतात. म्हणजे एका युनिटमध्ये चाळीसेक फोन. एका फोनची वीज फार तर चार आण्यांची. तेवढ्याने कुणाचे दिवाळे निघत नाही. तेव्हा प्रश्न पैशांचा नाहीच.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तीन घरची माणसे टेम्पो ट्रॅव्हलर करून अजमेरला निघालो होतो. इशाच्या थोडे आधी महामार्गालगतच्या एका मशिदीपाशी थांबलो. बायकांना बसायला वेगळी जागा होती, हेही नशीबच. अम्मींना दम्याचा त्रास. दहा मिनिटे नेब्युलायझर लावायचा होता. मुअज्जिनसाहेबांना विचारले, तर त्यांनी आपल्या हुजऱ्यातला प्लग मोकळा करून दिला, वर खुर्चीही आणून ठेवली.

ओसरीवर दुसऱ्या एका गाडीतल्या मंडळींनी इंडक्शनची शेगडी लावून खिचडी टाकली होती. प्लग 6 अँपियरचा, म्हणजे जेमतेम 1400 वॉट झेपणारा. शेगडी 2000 वॉटची. ऐन अजानच्या वेळी स्विच पडला आणि सगळीकडे अंधार झाला. अम्मींचे औषध निम्मे तसेच राहिले, त्या खोकत बसल्या. वजूखान्यात एक म्हातारे गृहस्थ चाचपडत नळ शोधत होते. मुअज्जिनसाहेबांनी छतावर जाऊन लाउडस्पीकरविनाच अजान दिली.

शेगडीवाले वाईट लोक नव्हते. निघताना त्यांनी चंद्याच्या पेटीत 100 रुपये टाकले. पण आम्हाला वाटते, चंदा हा परवानगीचा पर्याय नव्हे. मशिदीचे बिल मोहल्ल्यातली माणसे नमाजींच्या सोयीसाठी भरतात. मुतवल्ली त्या पैशाचा मालक नसतो, अमीन असतो. खलिफा हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.) यांच्याबद्दल सांगतात, की राज्याचे काम संपून घरचे बोलणे सुरू झाले, की ते बैतुलमालच्या तेलाचा दिवा विझवून स्वतःचा लावत. त्या दिव्याला तेल तरी किती लागत असेल?

रेल्वेचे थोडे वेगळे आहे. डब्यातला प्लग मोबाइल-लॅपटॉपसाठीच दिलेला असतो, तिथे कुणाला विचारायला नको. किटली आणि शेगडीला मात्र बंदी आहे, ती आगीच्या भीतीने. त्याच कारणाने कितीतरी गाड्यांत रात्री 11 ते पहाटे 5 प्लगची वीज बंद ठेवतात. त्यामुळे जेवणे उरकली की प्लगभोवती धुसफूस सुरू होते. ऐंशी टक्के भरलेला फोन लावून त्यावर व्हिडिओ बघणारा, आणि बंद पडलेला फोन हातात धरून गप्प बसलेला, असे दोघे शेजारी दिसतात. सूरह निसाच्या 36 व्या आयतीत आईवडील, नातलग, शेजारी यांच्याबरोबर जवळ बसणाऱ्या सोबत्याशीही चांगले वागायला सांगितले आहे. त्यात प्रवासातला सोबतीही येतो, असे मुफस्सिरांनी लिहिले आहे. तो आपल्या ओळखीचा असावा, आपल्या धर्माचा असावा, अशी अट तिथे नाही.

आमच्या पिशवीत आता तीन तोंडांचा चार्जर असतो. एका प्लगवर आमचा, समोरच्या बाकावरच्या मुलाचा आणि वरच्या बर्थवरच्या मावशींचा, असे तीन फोन लागतात. चौथा कुणी आला तर ज्याचे स्टेशन आधी, त्याचा नंबर आधी.