पुरुमेंत आणि भोंगा

मे महिन्याचे पहिले पंधरा दिवस म्हणजे आमच्या पेडणे महालात पुरुमेंताची धांदल. पाऊस एकदा बसला की चार महिने काही सुकवता येणार नाही, या हिशेबाने आगरवाड्याचे मीठ, मिरच्या, सोले, चिंच, सुके बांगडे, कडधान्ये आणि जळाऊ लाकडे यांची बेगमी करून ठेवावयाची, ही कोरगावातील घरांची पिढीजात रीत. शब्द पोर्तुगिजांकडून आला. रीत त्यांच्या आधीची असावी, असे आम्हांस वाटते. पाऊस काही त्यांच्या गलबतांतून आलेला नव्हता!

२०२५ साली या धांदलीत भोंग्याची वार्ता आली. २२ एप्रिलला पहलगाम येथे २६ माणसे मारली गेली होती. ५ मेला केंद्रीय गृहखात्याचा आदेश निघाला की, ७ मेला देशभर नागरी संरक्षणाची तालीम व्हावी. हवाई हल्ल्याचे भोंगे वाजवावेत, दिवे मालवावेत, माणसे सुरक्षित जागी हलवण्याचा सराव करावा. गोव्याचे दोन्ही जिल्हे त्या यादीत होते. प्रत्यक्षात ७ तारीख उजाडण्यापूर्वीच आपल्या सैन्याने सीमेपलीकडे हल्ले केले आणि तालीम कोणती व खरे कोणते, हा भेद बातम्या ऐकणाऱ्यांच्या मनातून पुसला गेला. कोरगावात आमच्या कानी त्या दिवशी जो भोंगा आला तो पदेराचा, पाव विकणाऱ्याचा. पण सुट्टीला आलेल्या नातवाच्या डोक्यात दुसराच भोंगा वाजत होता.

"आजी, अणुबाँब पडला तर आपण कुठं जायचं?"

आम्ही मिरच्यांची देठे खुडत होतो. उत्तर सुचले नाही. ओटीवरून सासूबाईच म्हणाल्या, "आदीं मीठ भरून दवर, मागीर तुजो बाँब पळोवया." मीठ आधी, बाँब मागाहून!

सासूबाईंच्या बोलण्याला आधार होता. १९६१च्या डिसेंबरात त्या अठरा वर्षांच्या होत्या. भारतीय सेना आत शिरली तेव्हा माघार घेणाऱ्या पोर्तुगीज फौजेने शापोरा, अस्नोडा आणि डिचोली येथील पूल सुरुंग लावून उडवले. म्हापशाच्या बाजूने येणारे सामान अडले, तरी घरात कणगीभर भात आणि मडकेभर मीठ होते, एवढेच त्या युद्धाविषयी त्या सांगतात. दाबोळीच्या धावपट्टीवर विमानांनी बाँब टाकल्याचे त्यांना मागाहून कळले.

परंतु नातवाचा प्रश्न पुलाचा नव्हता. त्याला खोटे सांगणे आम्हांस नको वाटले, म्हणून त्या रात्री आम्ही जे वाचावयाचे ते वाचले. हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ रोजी पडलेला बाँब सुमारे १५ हजार टन टी.एन.टी.च्या ताकदीचा होता. त्याच्या खाली जो सापडला, त्याच्यासाठी कोणतीच तयारी नसते. तयारी असते ती दूरच्या माणसाची, वाऱ्यावरून येणाऱ्या किरणोत्सारी धुळीपासून बचावण्याची. तिचा एक ढोबळ हिशेब आहे. स्फोटानंतर एका तासाने जेवढा किरणोत्सार असेल, तो सात तासांनी एक दशांश राहतो, आणि साती साती एकोणपन्नास तासांनी एक शतांश. म्हणजे पहिले दोन दिवस जाड भिंतीआड, दारे-खिडक्या लावून, झाकलेले अन्नपाणी घेऊन बसणे, हेच मुख्य काम. आमच्या तालुक्यात, मोपाच्या पठारावर, २०२३च्या जानेवारीपासून विमाने उतरतात. तेव्हा 'आपल्या गावाकडे कोण बघतो' असे म्हणून स्वस्थ झोपण्याचीही सोय उरलेली नाही.

दुसऱ्या दिवशी नातवाला घेऊन आम्ही स्वतःच्याच घराची पाहणी केली. चिऱ्यांच्या भिंती दोन हात जाड, त्या उत्तम. छप्पर मात्र नळ्यांचे. धूळ त्यावर साचली की किरण वरून येणार. सर्वांत आत बाळंतिणीची खोली. एक झरोका, वर लाकडी माळा. भाताची पोती माळ्यावर रचली तर तेवढेच वजन डोक्यावर आड येईल. नातवाचे वडील याच खोलीत जन्मले, हे त्याला सांगितल्यावर तो खोलीकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू लागला. परसातली विहीर उघडी. तिच्यावर फळ्या टाकाव्या लागतील आणि पिण्याचे पाणी आधीच तांब्याच्या हंड्यांत भरून झाकावे लागेल. नातवाने कुठूनसे पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्यांचे नाव काढले होते. त्या फक्त गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचे किरणोत्सारी आयोडीनपासून रक्षण करतात, बाकी शरीराचे नाही, आणि मिठातल्या आयोडीनने ते काम होत नाही. आगरवाड्याच्या मिठात तर मुळात वेगळे आयोडीन घातलेलेच नसते. तेव्हा सासूबाईंचे मडके येथे हरले.

दक्षिणेस कारवारजवळ कैगाची अणुभट्टी आहे; तिच्यावरच बाँब टाकला तर, असेही त्याने विचारले. येथे मात्र सांगण्याजोगे काही होते. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करावयाचा नाही, असा करार भारत आणि पाकिस्तान यांनी ३१ डिसेंबर १९८८ रोजी केला आणि १९९२पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांच्या याद्या एकमेकांना देत आले आहेत. मधल्या काळात १९९८चे अणुस्फोट झाले, कारगील झाले, तरी याद्यांची देवघेव मोडली नाही. भांडणाऱ्या भाऊबंदांनी सामाईक विहिरीत घाण टाकणार नाही एवढे तरी पाळावे, तसे हे. नातवाला ते पटले. आम्हांला अर्धेच पटले.

सगळी यादी जमत आली, आणि मग मामंजींपाशी अडली. मामंजी शहाऐंशी वर्षांचे. त्यांना दोन वेळा इन्सुलिन लागते आणि ते शीतकपाटात ठेवावे लागते. भात, मीठ, सोले यांची वर्षभराची बेगमी होते. इन्सुलिनची होत नाही. वीज गेली, रस्ता तुटला, तर दोन दिवसांचा एकांतवास आम्हां सर्वांना सोसेल, त्यांचे काय? गोव्यातच जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी अणुशक्तीपेक्षा सूर्यशक्तीचा आग्रह धरीत आणि त्यापायी विरोध ओढवून घेत. आमच्या छपरावर तशी एखादी तबकडी असती तर शीतकपाटाचा प्रश्न तरी मिटला असता, असे मनात आले. मामंजींनी आमची कुजबुज ऐकली. "माझ्यासाठी थांबू नका. खोलीत जाताना मला ओटीवर बसवा," ते म्हणाले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी मिठाचे मडके उचलून आत नेले आणि बऱ्याच वेळाने रिकामी घागर घेऊन बाहेर आल्या.

त्या घागरीत ओली वाळू भरून, मध्ये लहान मडके बसवून, त्यात कुपी ठेवावयाची, ही युक्ती आम्हांला गावच्या परिचारिकेने सांगितली. वापरात असलेली कुपी साधारण चार आठवडे अशा थंड जागी टिकते. १० मेला शस्त्रसंधी झाली. घागर तशीच बाळंतिणीच्या खोलीत राहिली.

पाऊस त्या वर्षी फार लवकर आला. २५ मेच्या सुमारास गोव्यात पोहोचला. पहिल्याच झडीत कुठेतरी माड तारांवर पडला आणि दोन रात्री वीज नव्हती. निम्मे पुरुमेंत अजून बाहेरच होते, मिरच्या भिजल्या. नातू दर तीन तासांनी कंदील घेऊन आत जाई, वाळूवर पाणी शिंपडी आणि मामंजींना येऊन सांगे, "आजोबा, गार आहे."