पाठीवरचे घामोळे

मनुष्याचा देह घडविताना विधात्याने एक मोठीच गैरसोय करून ठेवली आहे: कोणाचाही हात त्याच्या स्वतःच्या पाठीला पुरत नाही! वैशाखात पाठ घामोळ्याने भरून आली, म्हणजे ही उणीव विशेष जाणवते.

त्यावर आमच्या घरी कॅलामाइनचा लेप असतो. जस्ताचे भस्म आणि त्याला गुलाबी छटा देणारा, शेकडा सुमारे ०.५ इतकाच, लोखंडाचा गंज, हे त्यातील मुख्य द्रव्य. ते तळाशी बसते, म्हणून बाटली आधी हलवावी लागते. लेपातील पाणी उडून जाताना त्वचा गार होते व खाज शमते. घामोळे त्याने बरे होत नाही. पण नखांचा मोह आवरतो आणि खाजवून होणाऱ्या जखमा टळतात.

माझ्या वडिलांनी उभ्या जन्मात कोणापाशी काही मागितले नाही. गेल्या उन्हाळ्यात मात्र त्यांनी बाटली मुकाट्याने माझ्यापुढे धरली आणि पाठ फिरविली. लहानपणी जिच्यावर बसून मी घोडा घोडा खेळलो, ती पाठ किती वाळली आहे, हे मला तेव्हा कळले. लेप सुकल्यावर “बरे वाटले” एवढेच ते म्हणाले.

त्यांना पुन्हा मागावे लागू नये, म्हणून आता संध्याकाळी बाटली मीच हलवितो.