सातपुड्यापल्याडचा गडी

अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन. एक चांदूर रेल्वे, दुसरं आमचं चांदूर बाजार. मुंबई-नागपूरचा मोठा रूळमार्ग त्यांच्या वाट्याला गेला, आमच्या वाट्याला बाजार आला. नरखेडची गाडी आमच्या ठेसनात थांबायला लागली ती या शतकात. त्याआधी जे आलं-गेलं ते सगळं सडकेनं, आणि त्यात मोठा वाटा संत्र्यांचा. आंबिया बहाराची फळं उतरायला लागली की बगिच्यात ट्रक लागायचा. पेट्या भरून होईतो ड्रायव्हरला काम नसायचं, म्हणून तो केबिनीतला टेप मोठ्यानं लावायचा. लता, रफी, मुकेश घराघरातल्या रेडिओवर होतेच. किशोरकुमार मात्र आमच्याकडे खऱ्या अर्थानं ट्रकमधून उतरला. त्याचं गाणं ऐकायला मांडी घालून बसावं लागत नाही. पेट्या उचलता उचलता, खिळे ठोकता ठोकता ते ऐकता येतं, आणि मग रात्री अंथरुणावर पडल्यावर ते पुन्हा आठवतं तेव्हा कळतं, की मघाशी आपण भलतंच काहीतरी दुःखाचं ऐकलं.

किशोर मुंबईचा, असं सगळ्या देशाला वाटतं. आम्हाला तसं वाटायचं कारण नाही. परतवाड्याहून घाट चढा, सेमाडोह, धारणी करत मेळघाट ओलांडा, की पुढे खंडवा. 4 ऑगस्ट 1929 रोजी तिथल्या गांगुली वकिलांच्या घरी आभासकुमार, म्हणजेच किशोर, जन्मला, तेव्हा खंडवा आणि चांदूर बाजार एकाच प्रांतात होते. मध्यप्रांत व वऱ्हाड. राजधानी नागपूर. कुंजलाल गांगुलींना वरच्या कोर्टात जायचं तर नागपूरच, आणि आमच्या आजोबांना शेताच्या भांडणासाठी जायचं तरी नागपूरच. 1956 साली प्रांतरचना झाली, वऱ्हाड मुंबई राज्यात आलं, खंडवा मध्य प्रदेशात राहिलं. सातपुडा मात्र होता तिथेच राहिला. त्यामुळे आमच्याकडची जुनी माणसं किशोरचं नाव निघालं की हक्कानं म्हणायची, ‘तो तं आपल्याच प्रांताचा गडी हाय.’ बंगाली आईबापांच्या पोटी जन्मलेला, हिंदीत गाणारा माणूस आपला कसा, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. मलाही पडत नाही. त्याच्या अंगातला वात्रटपणा अस्सल तालुक्याच्या गावचा होता.

तो गाणं शिकला नव्हता, ही गोष्ट त्याच्या चरित्रात फार लौकर उरकली जाते. सैगलच्या तबकड्या ऐकायच्या आणि तशी नक्कल करायची, एवढीच त्याची शाळा. 1948 साली खेमचंद प्रकाश यांनी ‘जिद्दी’त देव आनंदसाठी त्याला पहिलं मोठं गाणं दिलं, ते ऐका. सैगल गातोय असंच वाटतं. सचिनदेव बर्मन यांनी त्याला सांगितलं म्हणतात, की नक्कल सोड, स्वतःचं गा. स्वतःचं म्हणजे काय, तर गळ्याची ती परदेशी गिरकी, यॉडेलिंग. मधल्या भावाकडच्या, अनूपकुमारकडच्या विलायती तबकड्यांवरून उचललेली. म्हणजे पुन्हा नक्कलच! पण या नकलेत तो असा मिसळून गेला, की आज ती गिरकी ऐकली की आल्प्स आठवत नाही, किशोरच आठवतो.

न शिकल्याची किंमतही त्याला द्यावी लागली. ‘रागिनी’ या 1958 सालच्या चित्रपटात पडद्यावर किशोरकुमार गातो आणि आवाज येतो तो रफीचा. गाणं शास्त्रीय ढंगाचं होतं, ओ. पी. नय्यर यांना ते रफीकडूनच हवं होतं. देशातल्या एवढ्या मोठ्या गायकानं दुसऱ्याच्या आवाजावर मुकाट ओठ हलवले. त्यावर त्यानं मनात काय धरलं ठाऊक नाही, पण दहा वर्षांनी ‘पडोसन’मध्ये जुगलबंदी आली. समोर मन्ना डे, काका के. सी. डे यांच्या तालमीत तयार झालेला गळा. कथेप्रमाणे जिंकायचं होतं न शिकलेल्या पार्टीनं, आणि किशोरनं ते अशा धसमुसळेपणानं जिंकून दाखवलं, की सरगमेलाही हसू यावं. मला ते गाणं विनोदी वाटत नाही. भजनात मागच्या रांगेत बसवलेल्या पोरानं एक दिवस पेटीवाल्यालाच बेताल करून सोडावं, तसं ते आहे.

1962 च्या ‘हाफ टिकट’मध्ये तर दुगाण्यातली बाईही तोच आणि पुरुषही तोच. लताबाई ध्वनिमुद्रणाला येऊ शकत नव्हत्या, तेव्हा त्यानं सलील चौधरींना सांगितलं की दोन्ही आवाज मीच काढतो. एका ओळीला लाजणारी बाई, लगेच पुढच्या ओळीला तिच्यामागे लागलेला बाप्या. आणि याच माणसाला सत्यजित राय यांनी ‘चारुलता’साठी रवींद्रसंगीत गायला लावलं. तिथे तो इतका साधा, इतका सरळ गातो की ओळखू येऊ नये. कुठे थिल्लर व्हायचं आणि कुठे नाही, याचं तारतम्य ज्याला असतं, त्यालाच विदूषक होणं परवडतं.

‘आराधना’ आली 1969 साली आणि त्यानंतरचं सगळं सर्वांना पाठ आहे. आठ फिल्मफेअर, राजेश खन्ना, अमिताभ, चार लग्नं, पैशांवरून निर्मात्यांशी केलेल्या खोड्या. खोड्यांच्या गोष्टींतल्या अर्ध्या कुणीतरी रचलेल्या असाव्यात. एक गोष्ट मात्र कागदोपत्री आहे. आणीबाणीत सरकारच्या वीस कलमी कार्यक्रमाच्या प्रचाराला हातभार लावायला किशोर राजी होईना, तेव्हा 4 मे 1976 पासून आकाशवाणीवर त्याची गाणी बंद झाली. नभोवाणी खातं होतं विद्याचरण शुक्ल यांच्याकडे. त्यांचे वडील रविशंकर शुक्ल म्हणजे स्वातंत्र्याच्या वेळी मध्यप्रांत-वऱ्हाडाचा कारभार पाहणारे पंतप्रधान. म्हणजे बंदी घालणारा आपल्याच प्रांताचा आणि बंदी भोगणाराही! शेजारपाजारच्या भांडणाला राजधानीचं अंगण मिळालं, एवढंच. किशोरला यावरून हुतात्मा करण्याचं कारण नाही, त्याचा तो पिंड नव्हता. त्याला फक्त कुणी ‘गा’ म्हणून सांगितलेलं आवडत नसे.

मुंबईत राहून त्यानं मुंबईला कधी आपलं म्हटलं नाही. खंडव्याला जाऊन राहायचं, दूध-जलेबी खायची, हे तो आल्यागेल्याला ऐकवायचा. आमच्या गावातली पुण्याला गेलेली पोरंही दिवाळीला आली की असंच बोलतात आणि भाऊबीज झाली की गाडीत बसतात. किशोर गेला 13 ऑक्टोबर 1987 रोजी, थोरल्या भावाच्या, अशोककुमारच्या वाढदिवशी, वय अठ्ठावन्न. अंत्यसंस्कार मात्र त्याच्या इच्छेप्रमाणे खंडव्यात झाले.

त्याच साली दिग्दर्शक सचिनच्या ‘गंमत जंमत’ या चित्रपटात तो मराठीत गाताना ऐकू आला. संगीत अरुण पौडवाल यांचं, जोडीला अनुराधा पौडवाल, पडद्यावर अशोक सराफ. त्यानंतर आमच्याकडे त्या गाण्यावाचून एक ऑर्केस्ट्रा पार पडेना. गणपतीत मंडळापुढे, वरातीत बँडवर, सगळीकडे तेच. एवढी वर्षं हा माणूस मराठीपासून लांब का राहिला, याचा एक किस्सा सांगतात. त्याला म्हणे आपल्या ‘च’ची आणि ‘ळ’ची धास्ती होती. ‘ळ’ नसलेलं गाणं द्या, मग गातो, अशी त्याची अट होती. बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर मी हे सांगितलं, तर संत्र्याच्या व्यापारातले एक काका कपबशी खाली ठेवून म्हणाले, ‘हे पाय आता! एवढ्यासाठी थांबला काय तो? इकडं यायचं होतं त्यानं. आमी कुठी ळ म्हनतो बाप्पा? डोया, कपाय, केयं, शाया. घाट उतरून आला असता तं आमी त्याले धा गानी देल्ली असती.’