सत्तावन्नचे पंचाहत्तर

गृहपाठावरून घरोघरी जी रडारड होते, ती अभ्यास अवघड असतो म्हणून क्वचितच होते. संध्याकाळी आईबाबा दमून आलेले असतात, मूल पेंगुळलेलं असतं, आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी आपल्या मुलाच्या पूर्ण झालेल्या पानाचा फोटो टाकलेला असतो. तो फोटो पाहिला की घरातला सूर बदलतो. ‘अक्षर बघ कसलं!’, ‘पुसून परत काढ’, ‘बाकीच्यांचं झालंसुद्धा.’ खोडरबर जोरात फिरतो, कागद फाटतो आणि मूल रडायला लागतं.

मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. आता नात दुसरीत आहे आणि सून-मुलगा कामावरून येईपर्यंत तिच्या अभ्यासाला मी असते. ती शाळेतून आली की आधी खाते, मग खाली खेळून येते. खेळून आल्यावरच वही उघडायची, हे आमचं ठरलेलं. टीव्ही बंद, माझा फोन आतल्या खोलीत. आधी मराठी की गणित, हे तिनं ठरवायचं. मी शेजारी मेथी निवडत बसते. तिच्या वहीत डोकावत नाही. मोठं माणूस नुसतं शेजारी असलं तरी मुलं बरीच निवांत लिहितात. विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तर गप्प राहायचं. हे गप्प राहणं मोठ्यांना फार जड जातं.

मध्यंतरी तिला अक्षरांत दिलेल्या संख्या अंकांत लिहायच्या होत्या. ‘सत्तावन्न’समोर तिनं लिहिलं ७५. खाली ‘त्र्याऐंशी’समोर ३८. याला कुणी धांदरटपणा म्हणेल, पण तो नव्हे. मराठीत आधी सात ऐकू येतो आणि मग पन्नास. तिनं ऐकलं त्या क्रमानं लिहिलं. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ अशी वाचायची पद्धत आली, तेव्हा २०१९ साली केवढा गदारोळ झाला! त्या वादात पोरांची ही रोजची अडचण मात्र फार थोड्यांनी समजून घेतली.

मी तिच्यापुढे काड्या ठेवल्या. दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून बांधलेले आणि काही सुट्या. ‘सत्तावन्न दे मला.’ तिनं पाच गठ्ठे आणि सात सुट्या काड्या दिल्या. मग वहीकडे पाहिलं, पुन्हा काड्यांकडे पाहिलं. ‘आजी, मी तर सात गठ्ठे लिहिले!’ तिनं स्वतःच खोडून ५७ केलं. ३८ तिच्या लक्षात आलं नाही. मी ते तसंच राहू दिलं.

ते मी मुद्दाम राहू दिलं. शिकवत असताना पानंच्या पानं बिनचूक असलेल्या वह्या तपासल्या की त्या मुलाबद्दल मला काहीच कळायचं नाही. घरी कुणीतरी नेटानं बसवून घेतलंय, एवढंच कळायचं. उलट पाच-सहा वह्यांत तीच चूक दिसली की उद्या वर्गात काय शिकवायचं, ते आपोआप ठरायचं. पालक चूक खोडून वही पाठवतात तेव्हा बाईंसाठी असलेला निरोपच खोडला जातो. आणि ज्यांच्या घरी लिहिता-वाचता येणारं कुणी नाही, त्या मुलांच्या वह्या या नीटनेटक्या वह्यांशेजारी ठेवल्या जातात. ही तुलना मुलांची नसते, घरांची असते.

प्रा. यशपाल समितीनं १९९३ सालच्या अहवालातच सांगितलं होतं की, प्राथमिक वर्गांना घराभोवतीच्या शोधाशोधीपलीकडे गृहपाठ देऊ नये. केंद्राचं २०२० सालचं दप्तर धोरणही पहिली-दुसरीला गृहपाठ नको असंच म्हणतं. काल संध्याकाळी काय खेळलात, काय खाल्लंत, हे मुलांना वर्गात बोलू द्या, असं त्यात सुचवलं आहे. तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. म्हणजे दिवसाला वीसेक मिनिटं. माझ्या नातीला दुसरीत रोज दोन पानं येतात. वीस मिनिटं झाली की मी तिची वही मिटते आणि डायरीत लिहिते, ‘एवढा वेळ बसली, एवढं झालं.’ तिच्या बाईंनी त्याबद्दल कधी तक्रार केलेली नाही. त्यांनाही वह्यांचे गठ्ठे उपसायचेच असतात.

तुमचं मूल पहिली-दुसरीत असेल तर येत्या पालकसभेत हा विषय काढा. धोरण काय म्हणतं ते सांगा आणि गृहपाठ का दिला जातो ते विचारा. बरेचदा शिक्षक पालकांच्या आग्रहामुळे तो देतात, आणि आम्हाला तो नको आहे, असं सांगायला पालकांपैकी कुणी पुढे येत नाही. तुम्ही या.